विंगरचा खांदा

संदीप, माझा नवरा, आत चहा टाकतोय, तोवर सांगून घेते. नाहीतर मध्ये बोलेल.

आम्ही तेव्हा कॅनडात, व्हिटबीला होतो. आमच्या सईचा सॉकर कोच एक म्हातारा स्कॉटिश माणूस होता. तरुणपणी तिकडे विंगर म्हणून, म्हणजे कडेने बॉल घेऊन पळणारा म्हणून खेळलेला, पण आता गुडघे पार गेलेले, चालायचासुद्धा लंगडत. आणि आमचे हे, जन्मभर फक्त क्रिकेट खेळलेले, दर मॅचला लाइनीबाहेरून बोंबलायचे, "सई, अगं घे ना काढून तिच्याकडून! एवढं काय अवघड आहे?"

एकदा प्रॅक्टिस संपल्यावर कोचने संदीपला मैदानात बोलावलं. बॉल स्वतःच्या पायापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "कम ऑन, सँडी. टेक इट ऑफ मी."

संदीप मला मराठीत म्हणाला, "अगं, लागेल गं त्यांना." आणि गेला धावत.

म्हाताऱ्याने नुसता डावा खांदा झुकवला. बस, एवढंच. संदीप त्या बाजूला झेपावला आणि थेट चिखलात आडवा. माझा नवरा पडला होता, पण मला हसायचंसुद्धा सुचेना. त्या लंगड्या माणसाच्या अंगात क्षणभर कोणीतरी विशीतलं येऊन गेलं होतं.

संदीप उठला, चष्मा पुसत म्हणाला, "काय स्पीड आहे यार! बॉल कुठून काढला, कळलंच नाही."

सईने गवताकडे बोट दाखवलं.

"बाबा, ही नेव्हर टच्ड इट. इट्स स्टिल देअर."