कागद कोणी दिले?

"हॅलो?… हां जाई, बोल. जेवलीस का?… आवाज काहून असा येऊन राहिला?… थांब, पंखा बंद करतो… हां, सांग आता."

वसमतचे सूर्यकांतराव पलंगावर उठून बसले. तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस; एक झेरॉक्स कमी निघाली तरी समोरच्याचा अर्ज परत फिरवायचा. लेक नांदेडला लॅबमध्ये नोकरीला. आता गावातच स्वतःची रक्त तपासायची लॅब काढायची, म्हणून तिनं बँकेत कर्ज मागितलं होतं.

"नामंजूर?… अगं, कागद तर मी सगळे बराबर लावून दिले होते… काय? तुझ्या नावावर आधीच दोन कर्जं?… मोबाइलवरून घेतलेली?… एकबी हप्ता भरलेला न्हाई? अगं पण तू घेतलंच न्हाई, तर कर्जफेडीचं सिबिल तुझं कसं खराब… हो, हो… ऐकून राहिलो ना मी."

"माझ्याकडून?… माझ्याकडून कुणाला जाईल गं तुझं पॅन कार्ड? कपाटात आहे. आधारबी तिथंच… न्हाई. कुणालाच न्हाई दिलं."

साफ खोटं! अन् खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्याला.

"ओटीपी?… श्रावणात? आला असंल एखादा… हो, तुझ्या आधारला माझाच नंबर आहे, तू दहावीला होतीस तवा लावलेला… दिवसाला पन्नास मेसेज येतात बाई, कोणता कोणता ध्यानात… जाई… अगं ऐक ना… अगं माय, रडू नको."

लेकीचं रडणं ऐकू आलं अन् सूर्यकांतरावांचं उरलंसुरलं अवसान गळालं.

"मीच दिले. कागदबी अन् ओटीपीबी… त्या आपल्या स्थळांच्या ग्रुपवर… हो, तू नको म्हणाली होतीस. दोनदा म्हणाली होतीस, माहीत आहे मला."

आता हा ग्रुप म्हणजे समाजातल्या लग्नाच्या पोरापोरींचा, अन् चालवणारे हेच. मागं एका पोरानं खोटी नोकरी सांगून एका घराला फसवलं, तेव्हा ह्यांनीच नियम काढला: बायोडाटासोबत आधार, पॅन अन् पगाराची स्लिप टाकायचीच. फसवाफसवी नको म्हणे! अन् सगळ्यात आधी टाकले ते स्वतःच्या लेकीचे कागद, तिला न विचारता.

"ग्रुपवर तुझे कागद बघून फोन आला. परभणीकडचे म्हणाले… मुलाचे वडील. फोटोत कपाळाला गंध होतं गं… म्हणाले, मुलीचं नाव पत्रिका जुळवायच्या साइटवर टाकतो, आलेला नंबर सांगा. मी वाचून दाखवला… दोन येळा. मला वाटलं, तुझं जमून राहिलं. तुझ्या आईला म्हणलं, पेढे सांगून ठेव."

"मग काय?… मग त्यांचा फोनच लागंना. मला वाटलं, मुलगी पसंत पडली न्हाई. तुला सांगून कशाला तकलीफ द्यायची, म्हणून गप बसलो. चार दिवस त्यांनाच शिव्या देऊन राहिलो, की आमच्या लेकीत काय कमी आहे म्हणून… मी फसलो हे डोक्यातच आलं न्हाई गं. लाज वाटून राहिली मला. तुझ्याशी बोलायचीबी लाज वाटून राहिली."

तिकडून जाई आता काय काय करायचं ते सांगू लागली, अन् ह्यांनी पेन शोधला.

"सांग, लिहून घेतो… ऑनलाइन फसवणुकीच्या त्या एक नऊ तीन शून्यला फोन तू केलास? बरं केलंस. पोलिसात तक्रार, तिची प्रत… आधारला लॉक… अन् सिबिलवाल्यांना अर्ज, की हे कर्ज माझं न्हाई… हो, ग्रुपवरबी टाकतो आजच. ज्यानं त्यानं आपल्या पोरापोरींचे कागद काढून घ्यावेत, माझ्या हातून असं झालं, म्हणून… लोक हसतील? हसू दे ना. हसण्यासारखंच केलं मी."

"फॉर्ममधी काय विचारलं? वाच बरं… 'कागदपत्रे दुसऱ्याच्या हाती कशी गेली'… मग तू काय लिहायलीस?… 'माहीत नाही'? काहून?… माझं नाव येऊ दे गं त्यात! ओटीपी माझ्या फोनवर आला, हे चौकशीत निघणारच. मग तू खोटी पडशील, अन् लॅब गेली तुझी."

सूर्यकांतराव उभे राहिले.

"मी सांगतो तसं लिही. 'माझ्या वडिलांनी'… लिहिलंस? 'माझ्या वडिलांनी मला न विचारता दिली'… काय घातलंस मधी?… 'चुकून'?… न्हाई बेटा. तू दोनदा नको म्हणाली होतीस. खोड ते… खोडलंस?… आता सही कर."