अकरानं भाग जाणारा नंबर

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष मोठ्या डॉक्टरीणबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, वॉर्डातल्या सगळ्या मावश्या आणि समोर बाळं मांडीवर घेऊन बसलेल्या बायांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकलेली. माइक पहिल्यांदाच धरलाय, तेवढं चालवून घ्या. पेशंटतर्फे बोलायला मावशींनी माझंच नाव का सुचवलं, ते वॉर्डाला ठाऊक आहे. म्हणून तर मान वर होत नाही.

आज निवृत्त होऊन निघालेल्या सिस्टरना इथं सगळे अकरा सिस्टर म्हणतात. इथं बाळ झालं की आईच्या आणि बाळाच्या मनगटाला एकच आठ आकडी नंबर बांधतात. माझ्या मुलीच्या वेळी मी पडल्या पडल्या दोन्ही पट्ट्या पाहिल्या. तिच्यावर चार सात एक आठ सहा दोन नऊ तीन. माझ्यावर चार सात आठ एक, पुढं तेच. झालं. बाळ बदललं म्हणून मी वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टरना काय नाही बोलले? पोरं विकणारी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नाक तरी बघ, माझ्या लेकाचंच आहे." मला पटेना. पोर भुकेनं रडत होती आणि मी भिंतीकडं तोंड करून पडले. दूध अंगावर वाहत होतं, तरी जवळ घेतली नाही.

सिस्टर चिडल्या नाहीत. खाटेवर बसल्या, माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, एक आकडा डाव्या हाताला दे, पुढचा उजव्या, असं करत जा. मुलीच्या पट्टीचे डावीकडं वीस झाले, उजवीकडंही वीस. दोन्हीकडं सारखे आले की नंबराला अकरानं भाग जातो. माझे झाले सत्तावीस आणि तेरा. चौदाचा फरक. अकराचा असता तरी चाललं असतं म्हणे. इथले सगळे नंबर अकरानं भाग जाणारेच असतात, कारण शेजारचे दोन आकडे उलटे पडले की भाग जात नाही, चूक उघडी पडते. माझ्या हातावरचा नंबर कुणाचाच नव्हता. आठ-एक उलटे केले की तो माझ्या मुलीचाच होता.

"पट्टी मीच लिहिली," सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या. "नंबर चुकलाय, पोर नाही. घे तिला."

चूक त्यांनी कबूल केली. मी मात्र माफी न मागता घरी गेले.

आता मला पुन्हा सातवा लागलाय. सिस्टर, तुम्ही नसाल, म्हणून भीती वाटते. तुम्ही म्हणाल, आता तुला हिशोब येतो की. येतो हो. पण तो जुळेपर्यंत पोर उपाशी राहिली, ते कशानं भरून निघायचं? या खेपेला बाळ आधी छातीशी घेईन. तेव्हा दोन्ही हात त्यातच गुंतलेले असतील. नंबर मग बघू.

अध्यक्षबाईंनी बोलू दिलं, त्यांचे आभार. आज काही चुकीचं बोलले असेन ते, आणि सिस्टर, त्या दिवशी बोलले ते, पोटात घाला.