नाला परत मागितला मी

माहा जन्म राजुऱ्याकडचा, नाल्याकाठचा. शाळा दुसरीपर्यंत, पण सही येते मले, अंगठा मी कधी लावला नाई, हे पहिले लिहून घ्या भाऊ. बाप मोहा वेचे, मी बी वेचला, आता सून वेचते, शेवंता, पोरगा गेल्यापासून तिच्या टोपलीवरच आमचं दोघाचं घर चालते.

मंग खदान आली. नाल्याच्या डोक्यावर मातीचा डोंगर केला त्याईनं, आन एका पावसाळ्यात तो घसरला, चिखलानं नाला बुजला, झाडं उभ्याउभ्या वाळली, आमचा मोहा तेवढा उंचावर होता म्हून वाचला. गावानं दावा टाकला. लय वर्सं चालला. शेवटी कोर्टानं धाडलेले साहेब लोक आले, झाडाझाडाची किंमत लावून राह्यले. मी उठलो, म्हटलं साहेब, तुमचा पैसा चितळ पिईल का? नाला होता तसा करून द्या. लोक म्हणे बुढा येडा झाला. पण काय सांगू तुमाले, मी हटलो नाई, गावालेच हटा लागलं.

साहेब म्हणे, बाबा, पहिले इथी काय काय होतं सांगा, तसंच करू. पाह्यलेला म्हातारा मीच उरलो होतो, छाती फुगली माही. जांभूळ सांगितलं, बांबू सांगितला, माणूस लपंल एवढं गवत सांगितलं, आन म्हटलं, वाघ पाणी पीत होता इथी, आमी काय भेत होतो का त्याले! खरं सांगू भाऊ, मी वाघ पाह्यलाच नव्हता. बाप सांगे तेवढंच.

केलं त्याईनं. गाळ काढला, रोपं लावली, गवत वाढवलं. अट एकच, आग लावायची नाई, गवताले विळा बी नाई. पहिले मोहा गळायच्या आधी आमी झाडाखालचा पाला जाळत होतो, भुई साफ होये, फूल दुरून दिसे, पटपट वेचून घरी या. त्या अटीवर पहिली सही माहीच. तवा सुचलंच नाई का पाल्यातून एकेक फूल वाकून वाकून हुडका लागते, आन वाकलेला माणूस वाघाले जनावरावानी दिसते.

गेल्या फागुनात नाल्याच्या गाळात पंजा उमटला. शेवंता म्हणे, मामाजी, तुमचा पाहुणा आला. हसली थे. मी पंजा सोडून गवताकडं पाहू लागलो.

मंग साहेब कागद घेऊन आले, बाबा, पहिल्यासारखं झालं का, सही करा, दावा मिटला. शेजारचा सुदाम मागून म्हणे, सांग ना बुढ्या, वाघ तेवढा परत न्या म्हून. सारे हसले. मोह्याखाली घेरभर गवत कापू द्या, मले भेव वाटते, एवढंच म्हणायचं होतं. पण मी कलम उचलली. पुरं नाव लिहून सही केली, वेलांटीसकट.

आता रोज पहाटी शेवंतासंगं मोह्याखाली जातो. थे वाकून वेचते, मी तिच्या पाठीले पाठ लावून गवताकडं तोंड करून उभा, हातात डबा वाजवाले. गवत हललं का थे विचारते, काय आहे मामाजी? मी म्हणतो, हवा आहे, तू वेच. तुमालेच पहिल्यांदा सांगून राह्यलो भाऊ, भेव वाटते मले. नाला पाहून जा, लय सुंदर झाला. जंगल राहो, वाघ बी राहो आपल्या जागी, फक्त माही शेवंता रोज घरी येवो.