सगळ्यात हळू, सगळ्यात पुढे

नेपाळचे डोंगर पाहायला गेलो आणि आमच्या घरातलीच गोष्ट तिथे कळली बघा. लेकीने आम्हा नवरा-बायकोला गाईडबरोबरच्या पायी सहलीला पाठवलं होतं. दारव्ह्याच्या बाजारात चालतात तसे हे तिथेही पुढे आणि मी मागे. पहिल्याच चढावर सगळे माझ्यासाठी थांबले. मला फार लाज वाटली. म्हटलं, मी परत जाते.

गाईड म्हणाला, "दीदी, सबसे धीरे चलनेवाला सबसे आगे. यही नियम है."

मी पुढे झाले, हे माझ्या मागे. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "अवं, तू लंगडून राह्यली का? कधीपासून?"

"लय दिवस झाले."

"मंग मले दिसलं काहून नाही?"

म्हटलं, "तुम्ही मागं होते कधी?"