दारावरची पाटी काढून नेल्याबाबत

पुणे शहर, ता. १४ नोव्हेंबर १९८१

मी, दिगंबर शांतवन उजागरे, वय ६८, धंदा निवृत्त मुख्याध्यापक, धर्म ख्रिस्ती, राहणार कसबा पेठ, पुणे, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. गेल्या महिन्यापर्यंत पत्नी विजयमाला सोबत होती. ती वारली.

मी आमच्या चर्चच्या मंडळीत पंच आहे. कोणाकडे मयत झाले की सांत्वनाला मलाच पुढे करतात. पाऊण तास उभ्याने धीर देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. विजयमालेच्या दफनानंतर मंडळीचे लोक माझ्याकडे येऊ लागले आणि माझीच वाक्ये मला ऐकवू लागले. ती ऐकायला इतकी जड असतात याची मला कल्पना नव्हती. म्हणून मी पाटी रंगवून दारावर लावली. मजकूर असा: ‘सांत्वनाची वेळ संपली आहे. बेल वाजवू नये. आतील मनुष्य ठीक आहे.’ अक्षर वळणदार होते. लोक यायचे बंद झाले. मला वाटले, जिंकलो.

सोमवारी सकाळी पाटी खिळ्यासकट नाहीशी झाली. त्याच दुपारी मुक्ताबाई पाटोळे बेल वाजवून आत आल्या. या बाई सत्तरीपुढच्या असून चर्चमध्ये विजयमालेशेजारी बसत. त्या विजयमालेच्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतले मटार सोलले आणि गेल्या. पुढे रोज तसेच. प्रार्थना नाही, वचन नाही. उत्तर तयार ठेवून बसलेल्या माणसाची याने फार गैरसोय होते. पाटी असती तर ही बाई आत आलीच नसती, या रागाने मी काल चोरीची तक्रार दिली. संशयित म्हणून गल्लीतला अख्खा क्रिकेट संघ लिहून दिला.

काल दुपारी हवालदार सोनबा कुंजीर चौकशीस आले. मुक्ताबाईंनी मटारखालून पाटी काढून दिली.

“मीच नेली. चष्मा घरी राहिला होता, दाराशी वाचता येईना. म्हणून घरी नेऊन वाचली.”

“आणि वाचल्यावर?” हवालदारांनी विचारले.

“वाचली आणि आले.”

हवालदारांनी आम्हा दोघांना आज ठाण्यात बोलावले व बाईंवर कारवाई हवी की नको ते मी सांगावे असे म्हणाले.

ते गेल्यावर मी मुक्ताबाईंना म्हणालो, “अहो, प्रार्थना करायची नाही, बोलायचं नाही, मग येता कशाला?”

“मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, सर. पण प्रभू येशूनं क्रुसाआधीच्या शेवटच्या रात्री बागेत शिष्यांकडे काय मागितलं? माझ्यासोबत जागे राहा, एवढंच. आणि ते मेले झोपले. मी नाही झोपायची.”

एवढे सांगून पाच मिनिटांत त्या खुर्चीवर घोरू लागल्या.

विजयमालाही घोरत असे. त्याबद्दल मी जन्मभर कुरकूर केली. ती गेल्यापासून घरात माझ्याखेरीज कोणाचा श्वास ऐकला नव्हता. मी रडलो. दफनाच्या दिवशी रडलो नव्हतो, पंचाला शोभत नाही म्हणून. मुक्ताबाई जाग्या झाल्या. त्यांनी मटारची पिशवी माझ्याकडे सरकवली. दोघांनी मिळून सोलले. मला बरे वाटले. इतके दिवस मी दार लावून प्रभूला हाका मारत होतो आणि तो दुपारी बेल वाजवून येत होता, असे माझे मत झाले आहे. मताला पुरावा नाही.

मुक्ताबाईंविरुद्ध माझी काही तक्रार नाही. क्रिकेट संघाची माफी मी समक्ष मागेन. पाटी मुद्देमाल म्हणून ठाण्यातच ठेवावी, मला परत नको. तिच्यावरचे शेवटचे वाक्य खोटे होते आणि ते मीच लिहिले होते, याची नोंद व्हावी.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. वाचताना हवालदारांनी आवाज हळू ठेवला, कारण बाकावर माझ्या शेजारी मुक्ताबाईंचा डोळा लागला होता.