लाल चिंध्या कुणी काढल्या?

जमलेल्या थोरामोठ्यांनो, लेकीसुनांनो, आणि कुंडलहून आलेल्या पाव्हण्यांनो,

शोकसभंत बाईमाणसानं बोलायची आपल्याकडं रीत न्हाई. पण मगापासनं जे बोलले, ते ऐकून गप बसवंना. "देवमाणूस हुता" म्हणं. "कुणाला दुखावलं न्हाई" म्हणं. आवं, कुणाबद्दल बोलताय? रघुनाथ भाऊजींनी दुखावला न्हाई असा एक माणूस या मांडवात दाखवा. मी त्यांची थोरली वहिनी. लगीन होऊन या मळ्यात आले तवा ते चड्डीत हुते. तवापासनं त्यांची जीभ सोसलीय. त्यांनी माझी सोसली.

भाऊजी फौजेत वायरलेसवर हुते. बर्फातनं, डोंगरातनं निरोप पोचवायचं काम. पेन्शन घेऊन आले आणि बघत्यात तर काय? बर्फातनं निरोप जात हुता, आणि आपल्या वरच्या मळ्यातनं कडेगावला जात न्हाई.

पाव्हण्यांसाठी सांगते. सरकारच्या नकाशात आमचं गाव हिरवं हाय. हिरवं म्हंजे इंटरनेट पोचलं. कुठं पोचलं? ग्रामपंचायतीच्या हापिसात. मोजायला माणसं आली, त्यांना पंचायतीच्या कट्ट्यावर बसवलं, च्या पाजला, तितंच फोन लावून दाखवला. त्यांनी इचारलं, "आणि मळ्यांनी, वस्त्यांवर?" आमची माणसं एका तोंडानं म्हणाली, "फुल्ल!"

का म्हणाली? पोरांची लग्नं हायत ना. रेंज न्हाई म्हटलं की मुलीचा बाप पोहे खाऊन उठतोय. म्हणून अख्खं गाव खोटं बोललं. आता वस्तीवर लाईन मागायला गेलं की साहेब म्हणतोय, "तुमच्याकडं हाय की, आजी. नकाशात बघा." पिकाची नोंद पिकातच उभं ऱ्हाऊन, फोटो काढून फोनवरनं करा म्हणत्यात. ऊस मळ्यात, आणि नोंद करायला पळायचं कट्ट्यावर! ऊस काय माझ्या मागनं चालत येतोय?

तवा भाऊजी माझ्याकडं आले. म्हणाले, "वहिनी, दोन जुनी लुगडी द्या. एक लाल, एक हिरवं."

म्हटलं, "नेसताय काय?"

"गावाला नेसवतोय," म्हणाले.

फाडून चिंध्या केल्या. एकेका वस्तीवर, एकेका विहिरीवर, मोटारीपाशी फोन धरून उभं राहायचं. नेट आलं तर काठीला हिरवी चिंधी, न्हाई आलं तर लाल. लोक हसले. म्हातारा उसाची दृष्ट काढतोय म्हणाले. हसा. माझं लाल लुगडं पदरासकट संपलं, मग दुसरं नेलं. हिरवं अजून ट्रंकंत हाय. नुसता काठ फाटलाय.

त्यात माझ्या नातवाला, सुजितला, कुंडलची पोरगी बघितली. गुणाची पोरगी. कुपवाडच्या एका कारखान्याचे हिशेब घरी बसून कॉम्प्युटरवर करती. बापानं पहिलं तेच इचारलं, "नेट हाय न्हवं?" माझा लेक दिनकर म्हणाला, "फुल्ल हाय!" भाऊजी शेजारी पोहे खात हुते. मान वर न करता म्हणाले, "हाय की. पंचायतीच्या कट्ट्यावर. सुनंला तितं नांदवणार हायस काय रं?"

झालं. बोलणी थांबली. दिनकर चुलत्याशी बोलायचा थांबला. मी? मी भाऊजींना आणखी एक बशी पोहे वाढले.

आता मगाशी एकजण म्हणाले, रेंज असती तर भाऊजी वाचले असते. खोटं हाय. डाक्टर म्हणाले, जागंवर गेले. उसाच्या बांधावर बसले आणि गेले. ज्या माणसानं जितेपणी एक खोटी चिंधी बांधली न्हाई, त्याच्या मरणावर खोटं बांधू नका.

आणि आता कामाचं बोलते. भाऊजींनी अर्जावर अर्ज केले, म्हणून परवा साहेब परत मोजायला येणार हायत. काल सांजंपतोर वाटंच्या दोन्ही अंगाला लाल चिंध्या हुत्या. आज सकाळी एकबी न्हाई. कुणी काढल्या? पाव्हणं येणार म्हणून काढल्या व्हय? दुखवट्याला आलेल्या माणसापासनंबी लपवायचं? दिनकर, खाली बघू नगंस. तुझ्या खिशातनं लाल टोक दिसतंय. माझं लुगडं हाय ते, मी वळखती.

पाव्हणं, तुमी माझ्या तोंडानं ऐका. या मळ्यात नेट न्हाई. पोरगी द्यायची का न्हाई, तुमचा इचार. सुजित चांगला हाय, पण त्याच्या चांगुलपणावर पोरीचं काम चालायचं न्हाई. फसून देऊ नगा. तिची नोकरी गेली तर तुमी कुंडलला असाल. तिचं तोंड रोज मला बघायचंय.

आणि गावकऱ्यांनो, परवा साहेबाच्या जीपमधी पुढच्या सीटवर मी बसणार. कट्ट्यावर च्या न्हाई. च्या मिळंल शेवटच्या विहिरीवर, समद्या चिंध्या बघून झाल्यावर. एक काढाल तर दोन बांधीन. लाल लुगडी सरली तर सुनांच्या साड्या हायत.

दिनकर, हितनं उठलास की पहिली चिंधी तू बांधायचीस. चुलत्याच्या हातानं हुती तिथंच.

आता उभं ऱ्हावा. दोन मिनिटं गप. शेरात असल्या टायमाला फोन बंद करायला सांगत्यात. मी सांगत न्हाई. चालू ठेवा, समद्यांनी हातात धरा. कुणाचा वाजलाच, तर भाऊजींची आण, माझ्या हातानं हितं हिरवी चिंधी बांधते.