मोडक्या ओळी वगळा

— तो तक्ता आधी बाजूला ठेव, मग बोलू. हो रे, पाहिला; फाइल वाचणाऱ्या कोडच्या तीन लायब्रऱ्या, तीन रंग. पहिली चाळीस लाख ओळींची फाइल अकरा सेकंदांत वाचते, दुसरी वीस, आणि तिसरी बिचारी दोन मिनिटं घेते नि वर कुरकुरते. तू म्हणतोस, आहे तीच पहिली ठेवू, छान चाललंय. छान? छान म्हणजे काय, तर ती भांडत नाही! ओळ मोडकी निघाली की मुकाट टाकून देते नि पुढे — मी घरी सासूबाईंचे निम्मे प्रश्न टाकते तशी. आणि मोडकी म्हणजे तरी काय? दवाखान्यांची फाइल, एक ओळ म्हणजे एक मूल, रकाने पाडायला स्वल्पविराम. कुणी पत्त्यातच स्वल्पविराम दिला की एक रकाना जास्त — झाली ओळ मोडकी! पत्ता अवतरणचिन्हांत घालून पाठवायचा असतो, माहितेय मला, त्यांनी घातला नाही हेही माहितेय. मग चूक त्यांची. नाही, थांब — ‘मोडक्या ओळी वगळा’ हे चालू कुणी केलं? मीच. रजेच्या आदल्या आठवड्यात, पाय सुजलेले, तेव्हा ती तिसरी होती, दर खेपेला ओळीचा नंबर सांगून अडून बसायची नि मला घरी जायचं होतं, म्हणून ही पहिली लावली. म्हटलं, परत आले की बघू. सहा महिन्यांचा स्वल्पविराम घेतेय, असंही म्हणाले होते मी निघताना — हसलात सगळे.

आज सकाळी वगळलेल्या ओळी मोजल्या. तीनशे बारा. टक्क्यांत सांगू नकोस! तीनशे बारा घरी लसीच्या तारखेचा मेसेज गेलाच नाही, आणि तिथल्या आयांना वाटलं असणार, मेसेज नाही म्हणजे तारीख लांब आहे. — मला कसं माहीत त्यांना काय वाटलं, विचारतोस? — मलाही तेच वाटलं म्हणून! काल पाळणाघरातल्या ताई कार्ड बघून म्हणाल्या, अहो, हिची लस राहिलीय, पाच आठवडे उलटले. आणि मी त्यांच्याशीच वाद घातला, आमच्या सिस्टीमचा मेसेज येतो म्हणून — आमच्या! दोनशे सातवी ओळ वाच. ‘मागचा जिना, दुसरा मजला.’ कुणी चुकू नये म्हणून इतकं नीट लिहिलं होतं मी. लेकीचं नाव वाच ना मोठ्यानं. — बरं, नको वाचूस.

तिसरी घ्यायची. कुरकुरू दे. का ते साहेबांना मी सांगते, आत्ताच, उद्याच्या मीटिंगची वाट न बघता. तू फक्त चालू होतं ते चालू ठेवलंस, तुझं नाव येणार नाही. आणि असा चेहरा करू नकोस, मला कुणी समजूतदारपणा दाखवला की रडू येतं. डॉक्टरांनी तीनची वेळ दिलीय. उरली तीनशे अकरा घरं — ही यादी घे, वरची अर्धी तुझी. उभा काय राहिलास? फोन लाव.